नामू

सेगूच्या खालच्या अंगाला, नदी जिथे रुंद होऊन आळसावते,
तिथे सिराकोरो गावात माझ्या बापाने
चाळीस वर्षं एकच शब्द म्हटला.

नामू.

म्हणजे हो. म्हणजे ऐकतोय. म्हणजे खरंय बाबा,
म्हणजे पुढे? म्हणजे थांब जरा,
एवढं छातीत उतरू दे, मग पुढचं सांग.
सगळं एका हुंकाऱ्यात.

गायचा तो तिएमोको कुयाते. मांडीवर न्गोनी,
गळ्यात सात पिढ्यांचे राजे, त्यांची घोडी, त्यांची भांडणं,
आणि तो एक, ज्याने लढाईआधी सावली गहाण टाकली.
ओळ संपली की तिएमोको मान कलती करायचा,
किंचित डावीकडे.
तिथे बाप बसलेला असायचा दोर वळत.
नामू, म्हणायचा बाप,
आणि राजा पुढे निघायचा.

लग्नाकार्यात नोटा तिएमोकोच्या कपाळाला चिकटत.
बापाच्या वाट्याला कोलाचं बी. तेही अर्धं.
आई करवादायची: एका शब्दापायी रात्र जाळतोस,
मी म्हटला असता चूल फुंकता फुंकता!
म्हणून बघ, म्हणायचा तो.
तिने एकदा म्हटलाही. पापणीभर लवकर.
तिएमोकोचा राजा अर्ध्या ओळीत घोड्यावरून पडला.
गाव अजून हसतं.

ओळखपत्राच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, धंदा?
बाप म्हणाला, ऐकतो.
कारकुनाने लिहिलं, शेतकरी.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा बामाकोहून रेडिओवाले आले.
लासिने नावाचा एक जण, कानांवर मोठाले डबे,
म्हणाला, या म्हाताऱ्याला जरा लांब बसवा,
मध्ये मध्ये आवाज येतोय.
बाप उठला. चिंचेखाली जाऊन बसला, ओठ आवळून,
मशिदीत चप्पल चुकल्यासारखा.

तिएमोकोने पहिली ओळ गायली, मान कलती केली.
डावीकडे मायक्रोफोन.
मायक्रोफोन सगळं घेतो.
तिसऱ्या ओळीला त्याच्या तोंडचं पाणी पळालं.
पाचव्या पिढीचे राजे दुसरीच्या आधी जन्मले,
आणि सावली गहाण टाकणारा
ती न सोडवताच मेला.
छान, म्हणाला लासिने. स्वच्छ आलंय.

पुढच्या महिन्यात एका रात्री ते रेडिओवर लागलं.
कोरोतुमूच्या अंगणात बायका बाजरी कांडत होत्या.
एक ओळ झाली. मग ते भोक.
मुसळं वरच्यावर थांबली.
कुणी काही ठरवलं नव्हतं. कोरोतुमू तर आमच्याशी
एका बकरीवरून बोलतही नव्हती.
तीच म्हणाली, नामू.
मग विहिरीवरून कुणी. मग भिंतीपलीकडून दोघी.
मग मुसळंच म्हणू लागली, धप्प, ओळीच्या शेवटाला.
सावलीपाशी कथा तुटली तेव्हा आंधळी न्यामा
रेडिओवर डाफरली, अरे, सोडव ना ती!
आणि तो ऐकेना तेव्हा
स्वतःच सोडवली तिने, तीन पोती मीठ मोजून,
खालून तिएमोको भलत्याच राजाचं गात असताना.

बाप खाटेवर होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.
तो एकदाही बोलला नाही.
सगळं संपल्यावर कूस बदलत म्हणाला,
घाई करतात.
मग थोड्या वेळाने, अंधारात,
शिकतील.

आता दोघेही नाहीत. फीत माझ्या फोनमध्ये आहे.
काये बसथांब्यावर तिकिटं फाडताना लावते कधी कधी,
आणि जिथे म्हणायचं तिथे म्हणते.
रांगेतली माणसं वळून बघतात,
एखादा म्हातारा बघत नाही, म्हणतो.

त्या फितीत बाप नाही. लासिनेने नीट काळजी घेतली होती.
फक्त चौथ्या मिनिटाला, लांबून, चिंचेखालून,
एक खोकला.
तेवढ्या एका ओळीनंतर
तिएमोको अडखळत नाही.